दगडांचं अर्धं तिकीट

१८ सप्टेंबर २००७ रोजी सईद पंपवाल्याला आमच्या कापसाच्या जिनिंगच्या रोखीतून एक हजार सातशे चाळीस रुपये अॅडव्हान्स दिला. पावतीवर सही घेतली आणि पेन उघडं ठेवून बसलो, कारण ही रक्कम कोणत्या खात्यात टाकायची ते ठरेना. चार फुटी काचेची टाकी, वाळू, दगड, हवेचं मशीन आणि दोन मासे. कार्यालय सजावट म्हणावं, तर मासे जिवंत. पशुधन म्हणावं, तर ऑडिटर हसेल. माशांवर दरसाल घसारा किती टक्के काढायचा हे आम्हाला बी.कॉम.ला कोणी शिकवलं नव्हतं. शेवटी ‘किरकोळ खर्च’ लिहिलं. ज्याचं काय करावं ते कळत नाही ते सगळं किरकोळ खर्चात जातं. सईदसुद्धा तेव्हा नांदुऱ्याच्या किरकोळ खर्चातच जमा होता.

त्याचं दुकान स्टेशनकडून बाजाराकडे येताना डाव्या हाताला. पाठीवरचे फवारणी पंप दुरुस्त करायचा. वायसर, नोझल, नळी, दट्ट्या, सगळं त्याच्याकडे मिळे, आणि त्यासोबत फुकटचं भाषणही. ‘पंपाचा आवाज ऐकून मी सांगतो, शेतकऱ्याची पऱ्हाटी किती एकर हाये,’ असं तो म्हणायचा. पऱ्हाटी म्हणजे आमच्याकडे कपाशी. सांगायचाही. ते बहुतेक वेळा चुकायचं, पण शेतकरी आपला आकडा वाढवून सांगितला म्हणून खूश व्हायचा आणि घासाघीस करायचा नाही.

मग बीटी कपाशी आली. दोन-तीन हंगामांत तालुकाभर तेच बियाणं झालं आणि बोंडअळीवर फवारायचं कामच उरलं नाही. मावा-तुडतुड्यासाठी लोक एखाद-दुसरी फवारणी करत, पण तेवढ्यावर पंप बिघडतसुद्धा नाही. शेतकऱ्याचं भलं झालं म्हणावं, तर औषधाचे वाचलेले पैसे बियाण्याच्या पाकिटात गेले आणि कापसाचा भाव होता तिथेच बसून राहिला. कंपनी सुखी झाली. अळी मेली. सईदचं दुकान बसलं.

‘सगळ्या गावानं अळीचा मयत केला साहेब,’ तो म्हणायचा, ‘अन् खांदा द्याले मी एकटा.’

अकोल्याला वायसर आणायला गेला असताना त्याने एका दुकानात माशांची टाकी पाहिली. तिच्यात हवा सोडणारं छोटं मशीन बुडबुडे काढत होतं. सईदला वाटलं, हवा ढकलायची आणि पाणी ढकलायचं, हा तर आपलाच धंदा. वायसरच्या पैशांत तो एक टाकी आणि एक मासा घेऊन आला. वायसर आणले नाहीत.

मासाही कसला? लाल-सोनेरी काही नाही. काळपट, ठिपकेदार, अंगाला खरखरीत, आणि तोंड खालच्या बाजूला. त्या तोंडाने काचेला नाहीतर दगडाला चिकटून बसायचा. त्याचं इंग्रजी नाव प्लेको, बाजारात त्याला सकर म्हणतात. दिवसभर कपारीत लपतो, अंधार पडला की बाहेर येऊन शेवाळ खरवडतो.

‘तुमच्यावानीच हाये साहेब,’ सईद मला म्हणाला. ‘दिवसभर कोपऱ्यात. कोणी पाहून नाही राह्यलं तेव्हा बाहेर येते.’

त्याची बायको शाहजादी याहून स्पष्ट बोलायची. ‘मासे विकून पोट भरणारे लोक म्या पाह्यले. मासे पाहून पोट भरणारे तुम्हीच पहिले.’ तिचा भाऊ अकील सुरतेला यंत्रमागाच्या कारखान्यात मेस्त्री होता. ईदला तो येणार होता आणि जाताना सईदला घेऊन जाणार होता. तिथे पगार बांधलेला. एका खोलीत आठ माणसं, पाळीपाळीने झोपायचं. शाहजादीने मुदत दिली होती ती दसऱ्याची. तोवर दुकानातून घर चालण्याजोगं काही निघालं तर ठीक, नाहीतर शटर ओढायचं आणि गाडीत बसायचं.

सईदला सुरतेला जायचं नव्हतं. कारण विचारलं तर म्हणाला, ‘तिथं मले कोण ओळखते? इथं निदान शिव्या तं नावानं देतात.’

त्याला वाचवलं ते आमचे मालक नारायणराव यांनी, आणि तेही स्वतःच्या कारणासाठी. मागच्या हंगामात पेमेंटच्या खिडकीसमोर रोज भांडण व्हायचं. भाव पाडला, वजनातून कडता कापला, चेक पुढच्या तारखेचा दिला, अशी नेहमीची कारणं. एका बँकेच्या साहेबाच्या केबिनमध्ये नारायणरावांनी माशांची टाकी पाहिली आणि तिच्याकडे पाहता पाहता कर्जाचं व्याज ऐकूनही आपल्याला राग आला नाही, हे त्यांच्या लक्षात आलं.

‘अनंतराव,’ ते मला म्हणाले, ‘खिडकीपाशी टाकी लावू. लोक थंडे राह्यतीन.’

‘भाव पाच रुपये वाढवला तरी राहतील,’ मी म्हणालो.

‘टाकी सस्ती पडते,’ ते म्हणाले.

सईदला बोलावलं. टाकी दसऱ्याच्या मुहूर्तापर्यंत हवी होती, कारण त्या दिवशी वजनकाट्याची पूजा होऊन खरेदी सुरू होते आणि आसपासचे जिनिंगवाले, अडते, डॉक्टर सगळे येतात. त्यांना टाकी आवडली तर आणखी चार कामं मिळतील, असा सईदचा हिशेब. नाही आवडली तर सुरत.

सईद म्हणाला, प्लेकोला दुकानातले रंगीत खडे चालणार नाहीत, खरी नदी पाहिजे. गोल घासलेले दगड, खाली कपारी, एका तोंडाची बिळं. असे दगड संग्रामपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याला नदीत मिळतात. रमजानचा महिना होता. रविवारी आम्ही एसटीने गेलो. त्याचा रोजा होता आणि माझ्याजवळ डबा होता, त्यामुळे तो दगड निवडत असताना मी त्याच्याकडे पाठ करून जेवलो.

दगड निवडायची त्याची पद्धत अशी. चुनखडीचा दगड टाकीत गेला तर पाणी जड होतं आणि मासा आजारी पडतो. म्हणून प्रत्येक दगडावर लिंबू पिळायचं. फेस आला तर दगड फेकायचा, नाही आला तर पोत्यात. सईद नदीच्या पात्रात उकिडवा बसून एकेका काळ्या दगडावर लिंबू पिळतोय आणि कान लावून ऐकतोय, हे दृश्य काठावरून एका गुराख्याने पाहिलं. तो काही वेळ थांबला. मग लांबूनच म्हणाला, ‘कोणावर करून राह्यले बे?’

‘कोणावर नाही. मासे ठेवायचे हायेत,’ सईद म्हणाला.

‘दगडात?’

‘दगडाखाली.’

‘अन् लिंबू?’

‘दगड पास होते का नापास, ते पाहाले.’

गुराखी माझ्याकडे वळला. मी इस्त्रीचा शर्ट घातलेला, मांडीवर डबा. ‘तुम्ही शिकले-सवरले दिसता,’ तो म्हणाला, ‘तुमचंबी काही बिघडलं का?’ आणि गुरं वळवून दुसऱ्या वाटेने गेला. जाताना दोनदा मागे पाहून थुंकला.

परतीच्या एसटीत कंडक्टरने पोतं हलवून पाहिलं. ‘यात काय?’

‘दगड,’ सईद म्हणाला.

‘खरं सांग.’

पोतं उघडून दाखवलं. कंडक्टर नियमाचा पक्का होता. दगडांचं अर्धं तिकीट फाडलं, अकरा रुपये. सईदजवळ सुटे नव्हते. मी दिले. तो म्हणाला, उद्या देतो.

टाकी उभी राहिली तेव्हा मात्र मानावं लागलं. तळाला थर्माकोल, म्हणजे दगडाचा भार काचेवर येत नाही. त्यावर सगळ्यात मोठे दगड आधी आणि वाळू नंतर, म्हणजे माशाने वाळू उकरली तरी दगड कोसळत नाही. हे त्याला माहीत होतं, कारण त्याच्या घरच्या टाकीत त्याने उलटं केलं होतं आणि एक दगड घसरून काच फुटली होती. शाहजादीच्या गादीखालून तीन दिवस पाणी निघत होतं. बोअरचं पाणी आमच्याकडे खारं. म्हणून टाकीसाठी गोड्या पाण्याचा टँकर आला. फाटकावरचा चौकीदार दयाराम त्यावर म्हणाला, ‘मानसाइले खारं अन् माशाइले गोडं. पुढच्या जन्मी मले सकर कर रे देवा, पण या जिनिंगमधला.’

दोन प्लेको आले. नराच्या नाकावर मिशीसारखे काटे होते. टाकीत सोडताच दोघं कपारीत शिरले आणि दिसेनासे झाले.

पहिल्या दिवशी नारायणराव पाऊण तास काचेसमोर उभे राहिले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘सईद, मासे हायेत का मेले?’

‘हायेत शेठ. आराम करून राह्यले.’

‘आराम कराले मी मासे नाही आणले. आराम करनारे माह्याजवळ लई हायेत.’ त्यांनी ऑफिसवर एक नजर फिरवली. ‘दसऱ्याले पाहुणे येतीन. तवा मासा दिसला पाहिजे. नाही दिसला तं टाकी उचल, अन् अॅडव्हान्स वापस.’

अॅडव्हान्स काचेत आणि वाळूत गेला होता. ईद झाली, अकील सुरतेहून आला. गोरा, बोलायला गोड, बोटात अंगठी. त्याने दसऱ्यानंतरच्या मंगळवारची दोन तिकिटं काढूनच आणली होती. सईदच्या दुकानात बसून तो रिकाम्या पंपांकडे पाहायचा आणि म्हणायचा, ‘भाईजान, इथं पानी बी खारं अन् धंदा बी.’

सईदने मग एक युक्ती काढली. प्लेकोला उजेड आवडत नाही, पण उभ्या दगडाची सावली आवडते. त्याने एक चपटा दगड काचेजवळ आडवा ठेवला आणि त्यावर एक गोल, लांबट, गुळगुळीत काळा दगड उभा केला. वरच्या ट्यूबलाइटला आतून कागद चिकटवला. संध्याकाळी काकडीची चकती चमच्याला अडकवून दगडाच्या पायथ्याशी सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी मिशीवाला प्लेको त्या उभ्या दगडाला चिकटून बसला होता, अगदी समोर. नारायणराव खूश झाले. दयाराम खूश झाला. मीही पाहिलं आणि छान म्हणालो.

त्या दगडाकडे आमच्यापैकी कोणी दुसऱ्या नजरेने पाहिलंच नाही. ते पाहिलं रुक्मिणीबाईंनी.

रुक्मिणीबाई म्हणजे नारायणरावांच्या आई. वय ऐंशीच्या पुढे, कानाने कमी, बाकी कशानेच कमी नाहीत. दसऱ्याच्या सकाळी काट्याची पूजा झाली, तिजोरीची झाली, माझ्या वह्यांवर हळदकुंकू पडलं, कॉम्प्युटरलाही फूल मिळालं. पाहुणे पेढे खात उभे होते. रुक्मिणीबाई दुधाचा लोटा घेऊन ऑफिसात आल्या, टाकीसमोर थांबल्या आणि हात जोडले.

‘नारायणा,’ त्या म्हणाल्या, ‘महादेव आनला अन् मले सांगलं नाही?’

मग आम्हाला दिसलं. आडवी शाळुंका, वर उभी काळी पिंड, चारी बाजूंनी पाणी. सईदने माशासाठी कपार रचता रचता महादेव बसवला होता. पिंडीवर प्लेको बसला होता. मिशीसकट.

नारायणरावांनी सईदकडे पाहिलं. सईदने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे. एवढ्यात बाईंनी टाकीचं झाकण सरकवलं आणि लोटा ओतला.

पाणी पांढरं झालं. प्लेको कपारीत पळाला. पाहुण्यांपैकी एका डॉक्टरांनी ‘हर हर महादेव’ म्हटलं, आणि एकाने म्हटल्यावर सगळ्यांना म्हणावं लागलं. सईदचा चेहरा दुधाहून पांढरा. दूध पाण्यात नासतं, पाणी नासलं की माशाला हवा मिळत नाही, हे त्याने मला नंतर सांगितलं. तेव्हा बोलणार काय? महादेवाला दूध घालू नका, असं सईदने भर दसऱ्याला सांगायचं?

‘उद्या सोमवार हाये,’ बाई जाताना म्हणाल्या. ‘उद्या येतो. दर सोमवारी येत जाईन.’

पाहुणे गेल्यावर सईदने बादल्यांनी अर्धं पाणी काढलं आणि दयारामच्या डोळ्यांदेखत टँकरचं उरलेलं गोडं पाणी भरलं. दयाराम म्हणाला, ‘महादेवापायी चाललं म्हून बोलत नाही.’ मासे जिवंत होते. पण उद्या पुन्हा लोटा येणार होता.

नारायणराव म्हणाले, ‘दगड काढून टाक.’

‘आता काढू? आई म्हणतीन, महादेव कुठी गेला?’ सईद म्हणाला. ‘तुम्ही सांगा त्याइले.’

‘मी? आईले?’ नारायणराव माझ्याकडे वळले. ‘अनंतराव, तुम्ही समजावून सांगा.’

‘माझ्याकडे हिशेब आहे,’ मी म्हणालो. ‘देवाचं खातं माझ्याकडे नाही.’

सईद दुकानात गेला आणि तासाभराने एका जुन्या पंपाची पितळी चाडी, म्हणजे नरसाळं, आणि पारदर्शक नळी घेऊन आला. चाडी टाकीच्या वर बसवली. नळी काचेच्या आतून पिंडीसमोरून खाली गेली, तळाला वळली, मागच्या बाजूने वर चढून टेबलाखालच्या बादलीत उतरली. वरून ओतलेलं दूध नळीतून पिंडीपुढून जाताना दिसायचं, पण पाण्यात एक थेंबही पडायचा नाही. टाकीच्या मागची चढण चाडीपेक्षा खाली आहे की नाही हे त्याने तीनदा पाहिलं, कारण पहिल्या दोन वेळा ती नव्हती आणि पाणी माझ्या टेबलावर आलं.

अकीलही पाहायला आला होता. तो म्हणाला, ‘भाईजान, बुढियानं ओळखलं तं?’

‘तं सुरत,’ सईद म्हणाला.

सोमवारी सकाळी रुक्मिणीबाई आल्या तेव्हा मालक आणि अकीलही हजर होते. बाईंनी चाडीकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं. ‘हे काय?’

सईदने घसा साफ केला. ‘आई, देवळातबी दूध पिंडीवरून गोमुखातून बाहेर जाते. इथं गोमुख नव्हतं. मी बसवलं.’

बाईंनी दूध ओतलं. पांढरी रेघ नळीतून खाली उतरली, पिंडीला वळसा घातला आणि बादलीत गेली. प्लेको जागचा हलला नाही. बाई बराच वेळ पाहत होत्या.

‘देवाच्या आंगावर तं पडलंच नाही,’ त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सईदकडे मान वळवली.

‘तू काऊन रे माह्या देवाची एवढी काळजी करून राह्यला?’

सईदने आमच्याकडे पाहिलं. आम्ही तिघंही, म्हणजे मी, मालक आणि अकील, जमिनीकडे पाहत होतो. मग तो म्हणाला, ‘देवाची नाही आई. माशाची. दुधानं मरते तो.’

बाईंना पहिल्यांदा ऐकू गेलं नाही. त्याला ते मोठ्याने पुन्हा सांगावं लागलं, बाहेर काट्यावरच्या हमालांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

‘मंग काल नाही सांगता येत व्हतं?’ बाई म्हणाल्या. ‘मी का मासे माराले आली व्हती? अन् तू रे नारायणा, तोंडात पेढा व्हता का?’ त्यांनी लोटा खाली ठेवला. ‘राहू दे ते नळी. चांगली दिसते. दूध खाली कुठी जाते?’

‘बादलीत,’ सईद म्हणाला.

‘मंग चहा करा. देवाचं हाये, फेकू नका.’

त्या दिवसापासून दर सोमवारी दयारामला दुधाचा चहा मिळू लागला आणि त्याने सकर होण्याचा बेत रद्द केला.

शाहजादीने त्या दुपारी दोनपैकी एक तिकीट परत करायला भावाला स्टेशनवर पाठवलं. अकील मंगळवारी एकटा गेला. कारण सोमवारी दुपारपर्यंत नळीची बातमी ऐकून दोन अडते आणि ते हर हर महादेववाले डॉक्टर सईदच्या दुकानात येऊन गेले होते. कोणालाच प्लेकोची टाकी नको होती. सगळ्यांना महादेवाची टाकी हवी होती, नळीसकट. सईदने त्यांना सांगितलं की महादेव एकटा राहत नाही, मिशीवाला मासा सोबत घ्यावाच लागतो. त्याच्या मते ही त्याची सगळ्यात मोठी विक्रीकला. पिंपळगाव राजाच्या एका डॉक्टरांनी तर दोन टाक्या लावल्या, एक दवाखान्यात आणि एक घरी. घरच्या टाकीत महादेव आणि दवाखान्यात नुसते मासे, कारण तिथे सगळ्या धर्माचे पेशंट येतात.

आमच्या खिडकीपुढचं भांडण थांबलं का? काही अंशी. शेतकरी रांगेत उभे राहून मासा शोधायचे, आणि दिसत नसला की आणखी जोमाने शोधायचे. भाऊराव नावाच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला विचारलं, ‘काय नाव याचं?’

‘सकर.’

‘म्हंजे रस चोखनारा? मावा-तुडतुड्यावानी?’

‘तसंच काहीसं.’

‘आम्ही औषध मारून मारून मरून राह्यलो,’ तो म्हणाला, ‘अन् तुम्ही काचेत घालून पोसता.’ मग त्याने चेकवरची तारीख पाहिली आणि टाकीकडे पाहायचं विसरून भांडायला लागला. चेक पुढच्या महिन्याचा होता. माशाला तारखेचं काही करता येत नाही.

पुढे बरीच वर्षं गेली. गुलाबी बोंडअळी बीटीला न जुमानता परत आली, फवारण्या परत आल्या, आणि सईदच्या दुकानापुढे पुन्हा पंपांची रांग लागली. आता तो टाक्याही करतो आणि पंपही. शेतकऱ्याचं वाईट झालं की आपलं बरं होतं, हे त्याला आवडत नाही, पण तो ते लपवत नाही. गळका पंप आला तर वायसर बदलल्याशिवाय परत देत नाही. पैसे नसले तरी.

आमच्या ऑफिसातली टाकी अजून आहे. रुक्मिणीबाई गेल्या, पण चाडी आणि नळी तशीच ठेवली आहे, आणि सोमवारचं दूध आता सुनेकडून येतं. मिशीवाल्या प्लेकोची पिलं तालुकाभर पसरली. ऑडिटरने एकदा विचारलं, ही टाकी किरकोळ खर्चात काय करते? तेव्हा मी ती धर्मादाय खात्यात टाकली, आणि त्याने पुढे काही विचारलं नाही. मार्चअखेर मी निवृत्त होतोय. सगळी खाती जुळवून ठेवली आहेत.

दगडांच्या अर्ध्या तिकिटाचे अकरा रुपये सईदकडून अजून येणे आहेत.